ज्यूक-फुटवर्कचं परीक्षण लय धरून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या एका स्वतंत्र लेबलच्या (संगीत कंपनीच्या) नव्या ज्यूक आणि फुटवर्क, म्हणजे शिकागोतल्या वेगवान नाचाच्या संगीताच्या, अल्बमांवर टिपण आलं होतं. नाशिकच्या पेपरात हा विषय यावा याचंच मला अप्रूप वाटलं. पण शेजारी फोटो वरातीतल्या डीजेच्या गाडीचा, आणि मजकुराचा सूर असा, की एकच वाक्य किती वेळा ऐकायचं, ठोका धड नाही, यावर नाचणार तरी कोण? मी पंचवटीत राहतो, कथकच्या क्लासला तबल्याची साथ करतो. या विषयावर बोलायला तेवढा अधिकार पुरावा.

आमच्याकडे हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी सुरांची ओळ, धरतात. एकच ओळ तासभर फिरते आणि कोणी कुरकुर करत नाही, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष पायांवर असतं. फुटवर्कमध्ये जुन्या गाण्यातून उचललेला दोन-तीन शब्दांचा तुकडा हेच काम करतो. फरक एवढाच, की आमचा लेहरा सरळमार्गी. ही मंडळी त्याचेही बारीक तुकडे करून मागेपुढे सरकवतात.

ठोक्याचं म्हणाल, तर ज्यूक आणि फुटवर्क एकाच दावणीला बांधून चालत नाही. शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत घेटो हाउस नावाचं पार्टीचं संगीत होतं. 'डान्स मेनिया' या लेबलने ते गाजवलं. ते वेगवान झालं तेव्हा त्याला ज्यूक म्हणू लागले. त्यात खालचा ठोका सलग पडतो, कोणीही नाचावं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आरपी बू हा डीजे आणि त्याच्यासारख्यांनी तो सलग ठोका तोडला, तेच फुटवर्क. हा बू 'हाउस-ओ-मॅटिक्स' या नाचणाऱ्यांच्या चमूत वावरलेला. पायांना जागा कुठे हवी, हे त्याला ठाऊक होतं. डीजे रशादही आधी नाचणाराच. 2013 साली त्याचा 'डबल कप' हा अल्बम आला आणि 2014 मध्ये, वयाच्या अवघ्या 34व्या वर्षी, तो गेला. टिपणात ज्याला धड नसलेला ठोका म्हटलंय, ती नाचणाऱ्यासाठी मुद्दाम सोडलेली जागा आहे. शिकागोत गोल कडं करून एकेक जण मधे उतरतो, समोरचा त्याला पायांनी उत्तर देतो. सवाल-जवाबच की!

आमच्या क्लासचा एक मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, हा नाच करतो. घुंगरू सोडून बूट चढवले की त्याचं कमरेवरचं अंग जवळपास स्थिर, आणि खाली टाच, चवडा, गुडघा यांची अशी अदलाबदल, की वजन नेमकं कोणत्या पायावर आहे ते कळू नये. या संगीताची लय मिनिटाला 160 ठोक्यांच्या आसपास असते. त्या लयीत त्रितालाचं सोळा मात्रांचं आवर्तन सहा सेकंदांत संपतं, एरवी हात दुखून येतील. पण ऐकणारा ती 80 चीही मानू शकतो, आणि खरी गंमत तिथे आहे. मी 80 मध्ये ठेका धरला. पोरगा आधी दुगुनीत, म्हणजे 160 मध्येच गेला, मग तिगुनीत. म्हणजे 240. मूळच्या 160 ला ती आड, म्हणजे दीडपट, झाली. स्पीकरवरचे तासे आणि टाळ्या त्याच दोन हिशोबांत ये-जा करत होत्या. या संगीतातली सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, त्याला कोणी शिकवली नव्हती, तरी गाण्यातला तुकडा पूर्ण म्हटला गेला तिथे बरोबर येऊन थांबला. मी वा! म्हणून गेलो. (आमच्या बाईंना ते आवडलं नाही. तो वाद वेगळा.)

परीक्षण लिहिणाऱ्यांनी हे अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले असावेत अशी मला शंका आहे. फुटवर्कचा निम्मा मामला खालच्या खर्जात चालतो, तो त्या एवढ्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. डग्गा बाजूला ठेवून नुसता तबला ऐकावा तशी गत.

मी सगळ्याचीच तरफदारी करत नाही. 2010 साली इंग्लंडच्या 'प्लॅनेट म्यू' या लेबलने 'बँग्ज अँड वर्क्स' हा संग्रह काढला आणि हे संगीत शिकागोबाहेर पोचलं. तेव्हापासून जगभर लॅपटॉपवर फुटवर्क करणारे झाले. त्यातल्या पुष्कळांनी नाचणारा माणूस जवळून पाहिलेला नसावा. हिशोब चोख, जीव नाही. शिवाय काही तुकड्यांतले शब्द असे, की घरात मोठ्याने लावायची सोय नाही. याबद्दल टिपणात टीका असती तर मी मान डोलावली असती. उलट जेलिनसारखी बाई पाहा. इंडियानातल्या गॅरी गावची, पोलाद कारखान्यात नोकरी करता करता तिने हे संगीत रचलं. 2017 च्या 'ब्लॅक ओरिगामी' या अल्बममध्ये तर मृदंगाच्या कुळातले वाटावेत असे चर्मवाद्यांचे आवाज एकावर एक चढवलेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाची पाळी करून संध्याकाळी ढोल पथकात जाणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना तिचं नाव पेपरातून कळायला हवं होतं.

विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशा अल्बमवर छापताना लय किती, खालचा ठोका सलग की तोडलेला, आणि रचना नाचासाठी आहे की नुसती ऐकण्यासाठी, हे तीन शब्दांत तरी द्या. त्यासाठी जागा कमी पडत असेल तर फोटो गाळलात तरी चालेल.

आपला,
एक तबलासाथीदार, पंचवटी, नाशिक