काकांनी कूलर आणू नये

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. काका-काकू मुंजीला रत्नागिरीला येताहेत हे वाचून घरात सगळ्यांनाच आनंद झाला. पण गाडीत छोटा कूलर टाकून आणायचा काकांचा बेत तेवढा रद्द करायला लाव. आणि ‘आम्ही 45 अंशांत राहणारी माणसं, तुमच्या 34 चं काय घेऊन बसलात’ हे त्यांचं म्हणणं मला मुळीच पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्ध्याला तुमच्या ओसरीवरचा माठ आठव. भर मे महिन्यात दुपारी चार वाजताही त्यातलं पाणी घशाला गार लागतं. तसाच माठ मी इथं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय. बाहेरून हात लावला की तळवा ओला होतो, खालची तिवई कायम भिजलेली, तिच्या पायांना बुरशी धरते. आणि पाणी मात्र जेमतेम निवलेलं. माठ पाझरतो तितकाच, पण पाझरलेलं पाणी उडून जायला हवेत जागाच नाही. तुमच्याकडे 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असली, तर एक घनमीटर हवेत साधारण 10 ग्रॅम बाष्प असतं. इथं 34 अंश आणि 70 टक्क्यांना ते 26 ग्रॅमच्या घरात जातं. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तोही बाष्प घेऊनच येतो.

तापमापकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलं की तो जे दाखवतो ते वेट बल्ब तापमान. वरच्याच आकड्यांवरून काढलं तर तुमच्याकडे ते 24 च्या आसपास येतं, इथं 29. माझ्या मते माणसाला उन्हाळा किती बाधेल हे पाहायचं तर या आकड्याकडे आधी पाहावं.

कारण अंग गार होतं ते घाम उडाल्यामुळे. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हनुवटीवरून नुसता ठिबकला तर अंगातलं पाणी आणि मीठ गेलं, उष्णता तिथंच राहिली. इथं पाहुण्यांच्या पाठीला सदरा चिकटतो तो याचमुळे. वेट बल्ब 35 ला पोचलं की धडधाकट माणूसही सावलीत बसून तग धरू शकत नाही असं मानत आले होते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठानं 2022 मध्ये तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत ती मर्यादा 31 च्या आसपासच आली. काका तर सत्तरी ओलांडलेले. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून करतं, किनाऱ्यावर 37 पासूनच. खारघरला 16 एप्रिल 2023 ला उघड्या मैदानात बसलेली माणसं उष्माघातानं गेली, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता. ती बातमी वाचल्यापासून मी या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही.

आता कूलर. तुमच्याकडची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून येते तेव्हा खरंच दहा-पंधरा अंशांनी उतरते. इथं तो फार तर चार अंश उतरवेल आणि खोलीत आणखी बाष्प भरेल. दारं-खिडक्या लावून बसलात तर जीव नुसता गुदमरेल. इथं पंखाच बरा: अंगाला चिकटलेली दमट हवा तो हलवत राहतो, आणि 34 अंशांची हवा कातडीपेक्षा थोडी तरी थंड असते. काकांसाठी खिडकीजवळची खोली ठेवली आहे, दोन्हीकडून वारा खेळतो.

मुहूर्त सकाळचाच धरलाय. त्यांना टेरिकॉटचा सफारी नको, सुती सदरा-पायजमा दे. डोक्याला दुपट्टा उन्हात ठीक, पण सावलीत आले की सोडायला सांग. मुख्य म्हणजे त्यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असली, तर निघण्याआधी डॉक्टरांना नक्की विचार. अशा गोळीवर असताना इतका घाम जाणं धोक्याचं. बोलणं असंबद्ध वाटलं किंवा भोवळ आली तर लिंबूपाण्यावर न थांबता अंग ओलं करून पंख्याखाली घ्यायचं आणि थेट दवाखाना गाठायचा, हे काकूंनाही समजावून ठेव.

गाडीचा डबा आणि सीट नंबर कळव, स्टेशनवर मी येतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
प्रमोद