आयुक्त साहेब, भरपाईचे क्लेम टीपीएला द्यायच्या आधी एवढं बघा

मा. महापालिका आयुक्त साहेब,
नमस्कार.

मुख्यालयात कुजबुज आहे की सफाई, ड्रेनेज, पाणी खात्यातल्या कामगारांचे अपघात भरपाईचे क्लेम बघायला बाहेरची एजन्सी, म्हणजे टीपीए, नेमायचं घाटतंय. मी लगेच विरोधाचा झेंडा घेऊन उभा नाहीये, कारण आत्ता जे चाललंय ते काय फार भारी नाही, फाईल खात्यातून लेबर ऑफिसरकडे, तिथून लीगलला, तिथून ऑडिटला, ऑडिटवाले एक शेरा मारून परत खात्यात पाठवणार आणि ती बाई बिचारी नवऱ्याचा मृत्यूदाखला घेऊन बाकावर बसलेली. एजन्सीने खरंच महिन्याभरात पैसे दिले तर पेढे मी आणतो. पण ती एजन्सी नेमकं करणार काय हे कुणी नीट सांगत नाहीये.

रक्कम काढायला तर डोकं लागतच नाही साहेब. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात तक्ताच दिलाय, मृत्यू असेल तर महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर, आणि २०२० पासून पगार धरायचा जास्तीत जास्त १५ हजार. चाळीस वर्षांच्या माणसाचा फॅक्टर १८४.१७, म्हणजे साडेसात हजार गुणिले तेवढं, १३ लाख ८१ हजार २७५. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी हिशोबाची रीत तीच आहे.

घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. अपघात कामावर झाला हे मान्य कोण करणार? मी भरपाईच्या केसेसची कागदपत्रं करतो, त्यातली एक सांगतो, शहराचं नाव घेत नाही. काम्पॅक्टरवरचा, म्हणजे कचरा दाबून नेणाऱ्या गाडीवरचा पोरगा, ओल्या कचऱ्याच्या पिशवीत फुटकी बाटली, अंगठ्याची शीर तुटली, मूठच वळेना. मुकादमाने स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आणि नंतर सफाईच्या हजेरी चौकीवरचं हजेरीबुक बघितलं तर त्या दिवशी त्याच्या नावापुढे गैरहजर! ठेकेदार म्हणतो आला नव्हता, खातं म्हणतं ठेकेदाराला विचारा. दवाखान्याच्या केसपेपरवर वेळ होती सकाळची सव्वासात, शिफ्ट सहाची, त्या एका कागदावर ती केस उभी राहिली.

आता सांगा, टीपीए कुणाचं ऐकणार? हजेरीबुकाचं. त्यांचा माणूस चौकीवर येणारच नाही, ऑफिसात बसून पीडीएफ बघणार, कागद अपुरे म्हणून क्वेरी टाकणार. मेडिक्लेमवाल्या टीपीएचा अनुभव सगळ्या मध्यमवर्गाने घेतलाय, जास्त बोलायला नको. पण तिथेही आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नियम आहे की टीपीए स्वतः क्लेम नाकारू शकत नाही, नकार विमा कंपनीनेच द्यायचा. मग आपल्या टेंडरमध्येही पहिली ओळ हीच टाका, नकाराच्या पत्रावर सही महापालिकेच्या अधिकाऱ्याची, नावानिशी.

दुसरं, एजन्सीचे पैसे. महापालिकेचे किती वाचवले यावर एक पैसाही द्यायचा नाही. तसं केलंत तर तुम्ही क्लेम नाकारायचंच दुकान उघडलं. क्लेम देय झाल्यापासून महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड कायद्यातच आहे, उशीर एजन्सीमुळे झाला तर ते तिच्या बिलातून कापा, बघा कशा फाईली पळतात.

ठेकेदाराचा माणूस म्हणून हात झटकायचा प्रकार पण बंद करा. ठेक्यावरच्या माणसाची भरपाई मूळ मालकाला द्यावी लागते, नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची, शंभर वर्षं झाली हा नियम आहे. (जे ईएसआयमध्ये, म्हणजे राज्य कामगार विम्यात, आहेत त्यांचा मार्ग वेगळा, पण ठेकेदाराने ईएसआय खरंच भरलाय का हे आधी बघा.) आणि नव्या संहितेत घरून ड्युटीवर येता-जाताना झालेला अपघातसुद्धा कामाशी संबंध असेल तर धरलाय, पहाटे पाचला सायकलवर निघणाऱ्या झाडूवाल्या माणसाला त्याचा केवढा आधार, पण एजन्सी जुनाच फॉरमॅट घेऊन आली तर हे क्लेम पहिल्याच टेबलावर उडणार.

गटारातले मृत्यू तर या एजन्सीकडे देऊच नका. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख ठरवून दिलेत, त्यात तपासणीच्या नावाखाली घासाघीस नको. कुठल्याही मृत्यूची भरपाई कामगार भरपाई आयुक्तांकडे (नव्या संहितेत सक्षम प्राधिकाऱ्याकडे) जमा करायची असते, घरी जाऊन स्टॅम्पपेपरवर फुल अँड फायनल लिहून घ्यायचं नसतं, हे एजन्सीच्या फील्डवाल्यांना पण लेखी कळवा.

टेंडरचा मसुदा बाहेर काढायच्या आधी एकदा युनियनवाल्यांना दाखवा, आणि टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगला चौकीवरचे दोन मुकादम बसू द्या. तारीख कळवा, रजा टाकून आम्ही येतो.

आपला,
भरपाईच्या फाईली घेऊन फिरणारा एक युनियनवाला