सहा वाजता म्हणजे कुठले सहा? काकांना उघड पत्र

ती. काका,
सा. न.

तुम्ही फेसबुकवर नाही आणि ट्विटरवरही नाही, त्यामुळे हे तुमच्या घरच्या वहिनीच तुम्हाला वाचून दाखवतील. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही 'आधी चहा घे' म्हणून विषय बदलता, हे इतकी वर्षं बघतेय, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहून टाकते. मला पीएचडीला ॲडमिशन मिळाली. विषय तोच, सोशल मीडियाच्या काळातली डिप्लोमसी. आणि हा विषय माझ्या हातात टिकला तो फक्त तुमच्यामुळे, हे सांगलीतल्या चार लोकांना तरी कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एमएला असताना मी टॉपिक दिला तेव्हा मला सांगण्यात आलं की ट्विट वगैरे हा काही अभ्यास नाही, करार घे, युद्ध घे, सीमाप्रश्न घे. मी रडवेली होऊन तुमच्याकडे आले होते. खरं तर तुमची माझी ओळख तेव्हा वाचनालयात पेपर वाचताना होणाऱ्या बोलण्यापुरतीच होती, एवढंच माहीत होतं की तुम्ही परराष्ट्र खात्यातून रिटायर झालात आणि बरीच वर्षं वेगवेगळ्या एम्बसींमध्ये सायफरच्या, म्हणजे सांकेतिक संदेशांच्या खोलीत काढलीत (त्या खोलीतलं एक अक्षरही तुम्ही आजवर सांगितलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही). तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ट्विट सोड, आधी मला १८७० ची तार सांग. मला माहीत नव्हती.

मग तुम्हीच सांगितलीत. प्रशियाचा (आजच्या जर्मनीतलं तेव्हाचं राज्य) राजा विल्हेल्म एम्स गावी होता, फ्रान्सचा राजदूत बेनेडेटी त्याला भेटला, त्याचा वृत्तांत तारेने बर्लिनला पंतप्रधान बिस्मार्ककडे गेला. बिस्मार्कने त्यात स्वतःचं फारसं काही घातलं नाही, मुख्यतः कापलंच, आणि कापलेला मजकूर १३ जुलैला छापायला दिला. मूळ तारेत जी भेट बऱ्यापैकी सभ्य होती ती छापील मजकुरात अपमान झाली, दोन्हीकडची लोकं पेटली, आणि १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं. तुम्ही म्हणालात, 'तार खोटी नव्हती, आखूड होती.' ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आज कुठल्याही मंत्र्याची वीस सेकंदांची क्लिप फिरायला लागली की मला तेच आठवतं, आणि मी आधी पूर्ण व्हिडिओ शोधते. डीपफेकची भीती सगळ्यांना वाटते आणि ती बरोबरच आहे, मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शरण जा म्हणतायत असा बनावट व्हिडिओ आलाच होता, पण तो लोकांनी लवकर ओळखला. खऱ्याचा कापलेला तुकडा ओळखायला जास्त वेळ लागतो असं माझं मत झालंय.

ती वही तुम्हीच घ्यायला लावलीत. दोनशे पानी, लांब. प्रत्येक ट्विट हाताने मराठीत उतरवायचं, बाजूला कोणाला उद्देशून, कुठल्या भाषेत, आणि वेळ तीनदा लिहायची, तिथली, आपली आणि ग्रीनिचची. मला तेव्हा हे शाळेतल्या शुद्धलेखनासारखं वाटायचं आणि मी दोन-तीनदा टाळलंही, तुम्ही रागावला नाहीत, फक्त पुढच्या वेळी वही उघडून रिकामी जागा बोटाने दाखवलीत.

मग २ मार्च २०२२ आला. युक्रेनवर रशियाचा हल्ला सुरू होता आणि आपल्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा तिथे खारकीवला मेडिकलला होता. आदल्याच दिवशी तिथे गोळीबारात कर्नाटकातल्या एका विद्यार्थ्याचा जीव गेलेला, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष फोनवरच. तिथल्या आपल्या एम्बसीची ॲडव्हायझरी ट्विटरवर आली की सगळ्या भारतीयांनी ताबडतोब खारकीव सोडावं, पेसोचिन, बाबाये, बेझल्युदोव्का या वस्त्यांकडे निघावं, आणि काहीही झालं तरी १८०० वाजेपर्यंत पोचावं. काकू धावत तुमच्या अंगणात आल्या तेव्हा आपल्याकडे सव्वासहा झाले होते. त्यांचं एकच चाललं होतं, वेळ संपली हो, माझा पोरगा अडकला, वेळ संपली. मीही तिथेच होते आणि माझंही डोकं बंद पडलं होतं. तुम्ही चष्मा लावलात, फोन लांब धरून वाचलंत, आणि कंसातल्या दोन शब्दांवर अंगठा ठेवलात. युक्रेनी वेळ. तुम्ही म्हणालात, 'वहिनी, त्यांचे सहा म्हणजे आपले साडेनऊ. सव्वातीन तास आहेत. त्याला फोन लावा आणि चालायला सांगा.'

त्या वस्त्या खारकीव स्टेशनपासून ११, १२ आणि १६ किलोमीटर, हे त्याच दिवशी दुसऱ्या ॲडव्हायझरीत होतं. बर्फात चालत तो पेसोचिनला पोचला, पुढे पोलंडमार्गे ऑपरेशन गंगाच्या (अडकलेल्या भारतीयांना परत आणायची सरकारी मोहीम) विमानाने घरी आला. त्या रात्री मी घरी जाऊन वहीत सगळी रिकामी पानं भरली, पहाटेपर्यंत. ज्या मजकुराला अभ्यास नाही म्हटलं गेलं त्यातल्या दोन शब्दांवर एका आईचा जीव अडकलेला मी समोर बघितला होता.

पण तुम्ही मला एवढ्यावर खूश होऊन थांबू दिलं नाहीत, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. लगेच दुसरं प्रकरण समोर ठेवलंत, ऑगस्ट २०१८, कॅनडा आणि सौदी. कॅनडाने सौदीत अटकेत असलेल्या कार्यकर्त्यांना ताबडतोब सोडा असं ट्विट केलं, आणि मग रियाधच्या त्यांच्या एम्बसीने तेच अरबीत टाकलं. सौदीने राजदूताला २४ तासांत निघून जायला सांगितलं, नवा व्यापार गोठवला, कॅनडात शिकणारे सौदी विद्यार्थी परत बोलावले. संबंध रुळावर यायला मे २०२३ उजाडला. मी म्हटलं, पण काका, मागणी तर योग्यच होती. तुम्ही म्हणालात, 'मी मागणीबद्दल विचारतच नाहीये, अरबीत कोणासाठी लिहिलं ते सांग.' आणि १९६१ चं व्हिएन्ना कन्व्हेन्शन (दूतावासांच्या कामाचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) काढून कलम ४१ वाचायला लावलंत, की दूतावासाने सरकारी काम यजमान देशाच्या परराष्ट्र खात्याशी किंवा त्याच्यामार्फत करायचं असतं. अरबी ट्विट परराष्ट्र खात्याला नव्हतं, ते थेट रस्त्यावरच्या माणसाला होतं, आणि राजवट दुखावली ती तिथे. मागणी योग्य होती असं मी आजही मानते. पण पत्ता बदलला की त्याच वाक्याचं वजन बदलतं हे मला तेव्हा कळलं, आणि माझ्या डिझर्टेशनचा तिसरा चॅप्टर त्यातूनच आला.

कौटिल्याचे तीन दूत पण तुमचेच. निसृष्टार्थ, ज्याला बोलणी करायची पूर्ण मुभा, परिमितार्थ, ज्याला ठराविक कामापुरती, आणि शासनहर, जो फक्त निरोप पोचवतो. तुम्ही विचारलंत की एम्बसीचं ट्विटर हँडल यातलं कोण? मी पटकन शासनहर म्हणाले, तर तुम्ही दिल्लीतल्या पेशव्यांच्या वकिलांचं, हिंगण्यांचं उदाहरण दिलंत, की पुण्याहून उत्तर यायला इतके दिवस लागायचे की वकिलाला स्वतःच्या डोक्याने वागावंच लागायचं. आता उत्तर क्षणात येतं, तरी हँडल चालवणारा ज्युनियर अधिकारी रात्री दोन वाजता कोणाला तरी उत्तर देतो तेव्हा तो वरच्यांना विचारत बसत नाही, म्हणजे कागदावर शासनहर आणि प्रत्यक्षात निसृष्टार्थ. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं यावरच मला वीस मिनिटं धरलं आणि मी न अडखळता बोलले काका, एकदाही नाही.

या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, डिझर्टेशनच्या आभारात नाव नको म्हणालात, वहीवर लाल पेनने मात्र पानापानावर लिहिलंत. अक्षर थोडं कापतं तुमचं आता, पण मला सगळं लागतं. मनापासून आभार, काका. आणि काकूंनीही सांगितलंय की त्यांचेही यात लिही, म्हणून त्यांचेही.

मंगळवारी येते, वही घेऊन. डेन्मार्कने २०१७ मध्ये टेक कंपन्यांसाठी राजदूत नेमून सिलिकॉन व्हॅलीत पाठवला, त्यावर तुम्ही विचारलेलं की त्याने परिचयपत्रं (राजदूत यजमान देशाच्या प्रमुखाला देतो ती) कोणाला सादर केली. दोन पानं लिहिलीयत. तुम्हाला पटतील असं वाटत नाही, पण लाल पेन जवळ ठेवा.

तुमची विद्यार्थिनी