मंत्री महोदय, के. आर. नारायणन यांच्या फीची गोष्ट एकदा वाचा

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सविनय जय भीम.

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवतो, दरवर्षी स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे दिवस आले की पोरं कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसतात आणि आम्ही एकेक कागद अपलोड करत बसतो. कुणाचं उत्पन्नाचं सर्टिफिकेट मागच्या वर्षीचं निघतं, कुणाचं आधार बँकेला लिंक नसतं, आणि सगळं बरोबर असलं तरी पैसे कधी येणार हे कुणीच सांगू शकत नाही. त्यावरच लिहायचंय पण आधी एका माणसाबद्दल लिहितो, कारण माझं सगळं म्हणणं त्या माणसाच्या आयुष्यातच आहे. आपल्या देशाचे दहावे राष्ट्रपती, के. आर. नारायणन. कलाम सर आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहेत आणि ते असायलाच पाहिजेत, पण त्यांच्या लगेच आधी त्याच खुर्चीत पाच वर्षं कोण होतं हे वर्गात विचारलं तर हात वर येत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

केरळात कोट्टायम जिल्ह्यात उळवूर म्हणून गाव आहे, तिथे त्यांचा जन्म. कागदावर तारीख 27 ऑक्टोबर 1920, पण ती खरी नाही असं ते स्वतः सांगायचे, शाळेत नाव घालायला नेलेल्या काकांना तारीख माहीत नव्हती म्हणून अंदाजाने लावली. जात परवन, त्या काळी अस्पृश्य. वडील वैद्य होते, औषधासाठी लोक मान द्यायचे पण घरात सात लेकरं आणि पैसा नाही. शाळेला जायचं तर भाताच्या खाचरांतून रोज 15 किलोमीटर चालणं. आणि फी थकलेली असायची, म्हणून वर्गात बसू देत नव्हते, हा मुलगा बाहेर उभा राहून आत चाललेला धडा ऐकायचा.

साहेब, इथे जरा थांबा आणि त्यांच्या मोठ्या भावाकडे बघा. नीलकंठन त्यांचं नाव. दम्यामुळे ते घरीच असायचे. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून हा भाऊ दुसऱ्या मुलांची पुस्तकं मागून आणायचा, हाताने उतरवून काढायचा आणि ती वही धाकट्याला द्यायचा. भारताच्या राष्ट्रपतींची शाळेची पुस्तकं म्हणजे एका आजारी माणसाने हाताने लिहिलेल्या वह्या आहेत! मी हे दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगतो.

1937 ला मॅट्रिक झाले, मग कोट्टायमच्या सीएमएस कॉलेजला गेले ते त्रावणकोर संस्थानच्या स्कॉलरशिपवर, पुढे त्रावणकोर विद्यापीठात इंग्रजी साहित्य घेऊन 1943 ला पहिले आले. पहिला नंबर आला म्हणून लेक्चररची जागा मागितली, तर ती न देता क्लार्कची देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही, डिग्रीही घेतली नाही आणि गाव सोडून सरळ दिल्ली गाठली. पहिला आलेल्या मुलाला खर्डेघाशी करायला सांगणाऱ्यांना त्याची जात दिसली, मार्क दिसले नाहीत, दुसरं काय म्हणणार याला.

नंतर पत्रकारितेत आले, द हिंदूत काम केलं, टाइम्स ऑफ इंडियात केलं, आणि एप्रिल 1945 मध्ये आपल्या मुंबईत त्यांनी महात्मा गांधींची मुलाखत घेतली. त्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकायला गेले, पैसे कुठून आले तर जे. आर. डी. टाटांनी दिलेली स्कॉलरशिप. तिथे हॅरॉल्ड लास्की त्यांचे प्रोफेसर. 1948 ला परत आले तेव्हा लास्कींनी नेहरूंच्या नावाने पत्र दिलं होतं, भेट संपत आल्यावर यांनी ते हातात दिलं आणि निघाले, तर नेहरूंनी ते वाचून त्यांना परत आत बोलावलं. 1949 ला परराष्ट्र सेवेत रुजू झाले. रंगून, टोकियो, लंडन, कॅनबेरा, हनोई, मग थायलंड आणि तुर्कस्तानला राजदूत. रंगूनलाच मा तिन तिन यांच्याशी ओळख झाली, परदेशी नागरिकाशी लग्न करायला या नोकरीत बंदी होती म्हणून पंतप्रधानांची खास परवानगी काढावी लागली, 1951 ला दिल्लीत लग्न झालं आणि त्या उषा नारायणन झाल्या. 1962 च्या युद्धानंतर चीनमध्ये आपला राजदूतच नव्हता, 1976 ला तिथे पहिल्यांदा पाठवला तो हाच माणूस. रिटायर झाल्यावर जेएनयूचे कुलगुरू, मग अमेरिकेत राजदूत, आणि मग 1984, 1989, 1991 अशा तीन वेळा केरळातल्या ओट्टापालम मतदारसंघातून लोकसभेवर. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री, 1992 ला उपराष्ट्रपती आणि 25 जुलै 1997 ला राष्ट्रपती. समोर टी. एन. शेषन उभे होते, त्यांना आपल्याकडच्या शिवसेनेचा पाठिंबा होता, पण नारायणन यांना 95 टक्क्यांच्या आसपास मतं पडली.

पदं मोजून दाखवायला मी हे लिहिलं नाही. त्या खुर्चीत बसून त्यांनी काय केलं ते बघा. ऑक्टोबर 1997 मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशातलं कल्याणसिंह सरकार बरखास्त करा अशी शिफारस पाठवली, ती त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली आणि कॅबिनेटने विषय सोडून दिला. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारने बिहारच्या राबडीदेवी सरकारबद्दल तेच केलं, तीही फाइल परत. म्हणजे आधी भाजपचं सरकार वाचलं, मग राजदचं. नियम एकच लावला, माणूस बघून बदलला नाही. नंतर 1999 ला बिहारमध्ये दलितांचं हत्याकांड झाल्यावर तीच शिफारस पुन्हा आली तेव्हा त्यांनी सहीही केली. 1998 च्या लोकसभा निवडणुकीत ते स्वतः मतदानाला गेले, राष्ट्रपतीपदावर असताना असं आधी कुणी केलं नव्हतं, आणि गेले तेही रांगेत उभं राहून.

पण मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती 1998 ची. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीची फाइल आली होती. त्या फाइलवर त्यांनी नोंद केली की अनुसूचित जाती, जमाती आणि महिला यांचाही योग्य विचार व्हावा, या समाजात पात्र माणसं आहेत, आणि त्यांना जवळपास स्थानच नसणं बरोबर नाही. त्यावर गदारोळ झाला, राष्ट्रपती कोर्टात आरक्षण मागतात असं लोक म्हणाले. त्यांनी आरक्षण मागितलंच नव्हतं, पात्र माणूस आहे तर तो तुम्हाला दिसत का नाही एवढंच विचारलं होतं. 2000 ला के. जी. बालकृष्णन सुप्रीम कोर्टात आले आणि 2007 ला देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश झाले. 2025 मध्ये आपल्या अमरावतीचे भूषण गवई त्या खुर्चीत बसले तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले गेले, आणि मला त्या दिवशी नारायणन यांची ती नोंद आठवत होती. पात्र पोराला एकदा क्लार्कची जागा दाखवली होती ना, ते सोसलेला माणूसच अशी नोंद करू शकतो असं माझं ठाम मत आहे.

जानेवारी 2000 मध्ये प्रजासत्ताकाला पन्नास वर्षं झाली, संविधानाचा फेरआढावा घ्यायची चर्चा जोरात होती, तेव्हा संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये सगळ्यांच्या समोर ते म्हणाले की संविधानाने आपल्याला दगा दिला की आपण संविधानाला दगा दिला याचा आधी विचार करा. आणि सोसत राहिलेल्या लोकांच्या रागापासून सावध राहा असंही त्यांनी देशाला बजावलं. पगारी भाषण लिहिणाऱ्याच्या टेबलावर अशी वाक्यं तयार होत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो साहेब. या आयुष्यातून संस्थानची स्कॉलरशिप काढा, टाटांची काढा, भावाच्या वह्या काढा, काय उरतं? पहिल्या नंबरची अक्कल तेवढीच राहते पण ती उळवूरमध्येच राहते. बाबासाहेबांचंही तसंच ना, 1913 ला सयाजीराव गायकवाडांच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेले, पुढे लंडनला त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, 1917 ला स्कॉलरशिपची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी दिले, तेव्हा कुठे 1920 ला परत जाता आलं. तीन वर्षं गेली. बाबासाहेबांसारख्या माणसाची तीन वर्षं, पैशासाठी.

आणि आज तुमच्या खात्याच्या योजना याच थोर लोकांच्या नावाने आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, वर्षाला 75 जागा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, हॉस्टेल न मिळालेल्या पोरांना खोली आणि जेवणासाठी. योजना चांगल्या आहेत, मी नावं ठेवायला लिहीत नाही, यातून शिकून गेलेली पोरं मी डोळ्याने बघतोय. पण स्वाधारचे पैसे वर्ष संपल्यावर आले तर वर्षभर खोलीचं भाडं कुणी भरायचं? माझ्याकडची एक मुलगी, बारावीला चांगले मार्क, शहरातल्या कॉलेजात नर्सिंगला लागली. स्कॉलरशिप जमा झाली नाही म्हणून कॉलेजने आधी फी भर म्हणून सांगितलं, मूळ कागदपत्रं त्यांच्याकडेच, आईने कानातलं मोडलं आणि तरी पुरे पडेना. ती दुपारी मोबाइल दाखवत माझ्यासमोर बसली होती, स्क्रीनवर अर्ज मंजूर असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं आणि खात्यात काही नाही. मंजूर आहे हो सर, मग पैसे का येत नाहीत, एवढंच ती विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही, ते तुम्ही द्या.

केंद्राचं काय चाललंय तेही तुम्ही दिल्लीत बोललं पाहिजे. नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून 2022 ला भारताचा समाज, इतिहास, संस्कृती असे विषयच काढून टाकले. बाबासाहेबांनी 1916 ला कोलंबियात जातीवरच निबंध वाचला होता, आज त्या विषयासाठी त्यांना ही स्कॉलरशिप मिळाली नसती. आणि 2025 ला 106 जणांची निवड करून आधी फक्त 40 जणांना पत्रं दिली, बाकीच्यांना सांगितलं निधी असेल तसं बघू. परदेशातलं विद्यापीठ आपल्या निधीसाठी थांबत नाही हो, तिथे सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतात, त्याआधी व्हिसासाठी पैसे दाखवावे लागतात.

म्हणून माझ्या मागण्या थोड्याच आहेत. शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची यादी दरवर्षी किती तारखेला लागणार ते आधीच जाहीर करा, आणि ती तारीख मे महिन्याच्या पुढची नको. पहिला हप्ता पोरगं विमानात बसायच्या आधी द्या. स्वाधारचे पैसे दर तीन महिन्यांनी द्या, वर्षाखेरीला एकदम नको. आणि अर्ज मंजूर झालेल्या एकाही विद्यार्थ्याला फीसाठी परीक्षेला अडवायचं नाही, त्याचे कागद अडकवून ठेवायचे नाहीत, जे कॉलेज असं करेल त्याच्यावर कारवाई होईल असा आदेश काढा आणि तो कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मराठीत लावायला लावा, खाली तक्रार करायचा फोन नंबर टाकून, आणि तो फोन कुणीतरी उचलला पाहिजे.

जून तोंडावर आलाय, ॲडमिशन सुरू होतील. त्याच्या आत हा आदेश निघाला तर या वर्षीच्या पोरांना उपयोग होईल.

आपला,
मराठवाड्यातला एक प्राध्यापक