माँटिसेलोहून आल्यावर

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

काल दादा-वहिनीने आम्हाला माँटिसेलो दाखवलं. व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळ डोंगरावर अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं घर आहे, त्याच्या शेतमळ्यासकट जपलेलं. इथल्या पाच सेंटच्या नाण्यावर जे घुमटाचं घर असतं ना, तेच.

तुझे बाबा घड्याळापासून हलायलाच तयार नव्हते. दारावरच्या घड्याळाची वजनं दोराने खाली उतरत जातात आणि भिंतीवर लिहिलेल्या वारांवरून आज कुठला वार ते कळतं. शनिवारपर्यंत भिंत पुरेना, म्हणून पठ्ठ्याने जमिनीलाच भोक पाडलं. शनिवार तळघरात!

मला मात्र जेवणघर विसरवत नाही. शेकोटीच्या कडेला छोटा कप्पा, त्यातून दारूच्या बाटल्या दोरीने तळघरातून वर यायच्या. एक दार मधल्या खुंटीवर गरकन फिरतं, त्याच्या पाठीला फळ्या. बाहेरून त्यांवर पदार्थ मांडायचे, दार फिरवायचं, की सगळं आत हजर. वाढपी पाहुण्यांना दिसायला नकोत. वहिनी म्हणाली, "काय डोकं आहे!" डोकं होतंच गं, पण ते राबणारी माणसं नजरेआड ठेवायला लावलेलं.

सगळी माणसं समान, असं 1776 च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या गृहस्थाने जन्मभरात सहाशेहून जास्त गुलाम बाळगले. दहा ते सोळा वर्षांची पोरं खिळे पाडायची आणि हा रोज त्यांचं लोखंड तोलून हिशेब मांडायचा. त्याच्या गुलामांपैकीच एक, सॅली हेमिंग्ज, तिची खोली 2018 पासून उघडी आहे. तिच्या मुलांचा बाप जेफरसनच, हे तिथे आडपडदा न ठेवता सांगतात. हे मला फार आवडलं. आपल्याकडे वाड्यातल्या धान्याच्या कोठ्या कौतुकाने दाखवतात, त्या भरणाऱ्यांचं नाव कोण घेतं?

1826 साली जेफरसन गेला तो डोईवर कर्ज ठेवून. पुढच्याच जानेवारीत 130 माणसांचा लिलाव पुकारला. त्यात पीटर फॉसेट नावाचा अकरा वर्षांचा मुलगा होता. पुढे तो स्वतंत्र झाला, सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि म्हातारपणी, 1900 मध्ये, हे घर बघायला परत आला.

तू आलीस की पुन्हा जाऊ. गुलामांच्या वस्तीची फेरी आधी करू, घर मागाहून. बूट मात्र चांगले आण, चढ आहे.

तुझी,
आई