उपवास करा, पण साबुदाण्याच्या पलीकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत श्रावणासाठी उपवासाच्या पदार्थांचं अख्खं पान आलं होतं. साबुदाण्याचे वडे, फराळी कचोरी, बटाट्याचे पापड, रताळ्याचे गुलाबजाम, म्हणजे जे काही होतं ते एकतर तळलेलं नाहीतर पाकातलं. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मी ३० वर्षं सोमवार आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या करते, श्रद्धेनं करते, आणि मला त्याचा फायदा झालाय हे मनापासून सांगते. आदल्या रात्री ८ ला जेवलं की सोमवारी संध्याकाळी पूजा करून उपवास सोडेपर्यंत मधे ताक, एखादं फळ, भरपूर पाणी एवढंच. पोट हलकं राहतं, दुसऱ्या दिवशी भूक अशी सणसणून लागते की साधी भाजीभाकरी पण गोड लागते. १२-१४ तास पोटाला आराम मिळाला की शरीर साठवलेली चरबी वापरायला लागतं हे आता डॉक्टरही सांगतात. पण हा फायदा न खाण्याचा आहे, साबुदाण्याचा नाही! सकाळी १० ला खिचडी, १२ ला वेफर्स, ४ ला चिवडा, रात्री परत थालीपीठ असं केलं तर कसला आराम, एकादशी दुप्पट खाशी असं आपल्याकडे उगाच नाही म्हणत.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, बहुतेक माल तामिळनाडूत सेलमकडून येतो. १०० ग्रॅममध्ये प्रोटीन १ ग्रॅमसुद्धा नसतं, रक्तातली साखर मात्र झपकन वाढते. खिचडीत दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं आणि सोबत वाटीभर दही घेतलं तर जरा तरी बरं. त्याउलट राजगिऱ्यात १३-१४ ग्रॅम प्रोटीन, वर कॅल्शियम आणि लोह पण. माझी आजी राजगिऱ्याची भाकरी आणि सुरणाची भाजी करायची, महाशिवरात्रीला कवठाची चटणी ठरलेलीच असायची, वरीचा भात आणि दाण्याची आमटी तर आजही घरोघरी होते. आणि कुणी म्हणेल की साबुदाणा परंपरेतला आहे, तर बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा तो कंद हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्या बायकांनी ते उपवासाला चालवून घेतलं, तसंच आपणही चांगलं काय ते निवडू शकतो की.

दुसरं म्हणजे भगर, म्हणजे हीच वरी. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली, रस्त्यावर झोपवून दोरीला सलाईन लटकवून उपचार करावे लागले, ते फोटो बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, म्हणून सुटी भगर आणि सुटं पीठ आणूच नये, पॅकेटवरची तारीख बघावी, निवडून स्वच्छ धुवावी, पीठ लागलं तर घरीच लागेल तेवढं दळावं आणि शिजवलेली भगर तासन्तास तशीच ठेवू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या नवरात्रात माझ्या सासूबाईंनी, वय ७४, शुगरची गोळी रोजच्यासारखी सकाळी घेतली आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. ११ वाजता घामानं डबडबल्या, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. ग्लुकोमीटरवर साखर ५४, म्हणजे फारच कमी! साखरेचं पाणी पाजलं, १५ मिनिटांनी परत तपासलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, आधी येऊन विचारलं असतं तर गोळीचा डोस आणि वेळ बदलून दिली असती. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, किडनीचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी मनानं उपवास करू नये आणि मनानं गोळी बंदही करू नये, हे घटस्थापनेच्या आधी कुणीतरी मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं.

अजून एक, व्हॉट्सअपवर फिरतं की एकादशीच्या उपवासाला नोबेल मिळालं. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल ऑटोफॅजीसाठी, म्हणजे पेशी स्वतःचेच खराब झालेले भाग मोडून परत वापरतात त्या क्रियेवरच्या संशोधनासाठी मिळालं हे खरं, पण त्यांचं ते काम यीस्टच्या पेशींवर होतं, एकादशीवर नाही. आपल्या उपवासाला असल्या खोट्या आधाराची गरज नाही असं मला वाटतं.

तर विनंती एवढीच, नवरात्राच्या पुरवणीत एक तरी पान राजगिरा, वरी, शिंगाडा, सुरण, ताक यांच्या न तळलेल्या पदार्थांना द्या, आणि त्याच पानावर शुगरच्या पेशंटसाठी एखाद्या डॉक्टरांकडून चौकट लिहून घ्या. राजगिऱ्याच्या भाकरीची कृती मी पाठवते. पीठ गरम पाण्यात मळायचं आणि उकडलेला बटाटा थोडा कुस्करून घालायचा, मग थापताना भाकरी तुटत नाही.

एक वाचक, सातारा