तीन मिनिटं झाली, वाढवू का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात मी आणि माझी मैत्रीण एक छोटा मराठी सिनेमा बघायला गेलो होतो. सकाळी पावणेदहाचा शो, आम्हाला जाता येईल असा तेवढा एकच, घरची कामं उरकून रिक्षा करून पोचलो तर काउंटरवर कळलं की चारच तिकिटं गेलीत म्हणून शो कॅन्सल. दुसऱ्या दिवशी परत गेलो, त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो म्हणून लावला. सिनेमाचं नाव लिहीत नाही कारण पत्र एका सिनेमाबद्दल नाहीये, जुन्या काळातलं हळुवार प्रेम दाखवणाऱ्या अशा सगळ्याच छोट्या मराठी सिनेमांबद्दल आहे. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, तालुक्याचं गाव, एक मुलगा, एक मुलगी, आणि पूर्ण सिनेमात दोघं एकमेकांना तू मला आवडतेस, तू मला आवडतोस असं एकदाही म्हणत नाहीत. एका सीनमध्ये टेलिफोन एक्स्चेंज दाखवलंय, बोर्डवर बसून कॉर्डने, म्हणजे वायरने, लाइन जोडणारी ऑपरेटर दाखवलीय. बाहेर आल्यावर मैत्रीण पहिलं काय बोलली असेल, तर "कॉर्ड बरोबर धरली होती गं तिने."

आम्ही दोघी ट्रंक बोर्डवरच्या. आजच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते सांगावं लागेल. परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला नंबर बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, मग आम्ही तिकीट, म्हणजे त्या कॉलच्या नोंदीची चिठ्ठी, फाडायचो, पलीकडच्या एक्स्चेंजची लाइन मागायचो आणि लाइन मिळाली की तुम्हाला बोलवायचो. कधी अर्धा तास, कधी चार तास, पावसाळ्यात तर विचारायलाच नको. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर पीपी कॉल, म्हणजे तो माणूस फोनवर आल्यावरच वेळ धरायची. आणि तीन मिनिटं झाली की मध्ये जाऊन विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?"

एक मुलगा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बहुतेक पगार झाल्यावर, पोस्टातल्या फोनवरून चाळीसगावचा पीपी बुक करायचा. मुलीच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या दवाखान्यातला नंबर होता, तिथून कुणीतरी तिला बोलवायला पळायचं. कुणाचं बोलणं ऐकायचं नाही हा नियम होताच आणि आम्ही तो पाळायचो, पण लाइन नीट लागलीये का ते बघायला आणि वेळ सांगायला मध्ये जावंच लागायचं. तर जेव्हा जेव्हा मी मध्ये गेले तेव्हा काय चाललेलं असायचं, आजीचा गुडघा कसा आहे, तिकडे पाऊस झाला का, परीक्षेचा नंबर कुठे आलाय. तिच्या बाजूला दवाखान्यातले पेशंट बसलेले असणार, दुसरं बोलणार तरी काय. एकदा तीन मिनिटं झाली म्हणून मी गेले तर दोघंही गप्प. लाइन कट झाली की काय असं वाटून मी हॅलो हॅलो केलं, तर तो हळूच म्हणाला, "आहे आहे मॅडम, वाढवा." आणि पुढची तीन मिनिटंसुद्धा त्यांनी जवळजवळ तशीच घालवली. त्या काळात ट्रंक कॉलला किती पैसे पडायचे हे ज्याला माहितीये त्याला कळेल तो काय देत होता ते. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही.

मला असले सिनेमे का आवडतात ते मला त्या "वाढवा" मध्ये सापडतं. लोक म्हणतात हे सगळं नॉस्टॅल्जिया आहे, जुनी सायकल, कंदील, रेडिओ, शाईचं पेन दाखवलं की आमच्या वयाची माणसं खूश. तसं असतं तर मला जुन्या वस्तूंचं दुकान पुरलं असतं. माझ्या मते वस्तूंमुळे नाही, वेळेमुळे आवडतात. एखाद्या मुलीने पत्राची वाट बघणं म्हणजे काय हे दाखवायला दिग्दर्शकाला पडद्यावर वाट बघायला लावावीच लागते, तिचा चेहरा, ओटा, सायकलची घंटी, पोस्टमन पुढे निघून गेला, परत तिचा चेहरा. मोठ्या सिनेमात तेवढ्या वेळात एक गाणं आणि एक फाइट होऊन जाते. माझी भाची चोवीस वर्षांची आहे, तिने कधी पत्राची वाट बघितलेली नाही तरी ती असे सिनेमे मोबाइलवर शोधून शोधून बघते, म्हणजे नुसत्या आठवणींचा प्रश्न असता तर तिला त्यात काय मिळालं असतं? ती म्हणते, मावशी, यात कुणी कुणाला घाई करत नाही.

पण एक गोष्ट मनापासून सांगते, ते हळुवार प्रेम होतं याचा अर्थ माणसं फार चांगली होती असं समजू नका. धाक होता. आम्ही जुन्या नाशकात वाड्यात राहायचो, वरच्या मजल्यावरच्या एका मुलीच्या वाचनालयाच्या पुस्तकात चिठ्ठी सापडली तर रातोरात तिला सिन्नरला मामाकडे पाठवलं, दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली असताना. मुलाचं आडनाव कळल्यावर तर जास्तच. त्या मुलाला कुणी काही बोललं नाही, हिचं वर्ष गेलं. त्यामुळे ज्या सिनेमात नुसतं गोड गोड आहे, वाडा स्वच्छ सारवलेला, सगळ्यांच्या साड्या इस्त्रीच्या आणि भीती कुणालाच नाही, तो मला खोटा वाटतो, कितीही सुंदर शूट केलेला असला तरी. खरा सिनेमा तो धाक लपवत नाही. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा 'शाळा' २०१२ साली थिएटरला आला होता, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय. नववीतल्या मुलाला एक मुलगी आवडते एवढीच गोष्ट, पण काळ आणीबाणीचा, आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यातून, त्यांच्या गप्प बसण्यातून तो काळ सारखा आत येत राहतो. त्या मुलाला अर्धं समजतं, अर्धं नाही, आपल्यालाही त्या वयात तेवढंच समजायचं.

आणि मला वाटतं पैसे कमी असण्याचाही यात हात आहे. कमी बजेटमध्ये जुना काळ दाखवायचा म्हणजे रस्ता दाखवताच येत नाही, कॅमेरा जरा फिरवला की मोबाइल टॉवर, फ्लेक्स, पेव्हर ब्लॉक, सेट लावायला पैसे नाहीत. मग गोष्ट आपोआप आत येते. माजघर, जिना, गच्ची, वाचनालयाचं कपाट, शाळेचा व्हरांडा. चार माणसं, एक खिडकी. जिन्यात दोघं समोरासमोर आली आणि एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं की तेवढ्यातच सगळं सांगून होतं. आता असे जिने आपल्याकडे किती राहिलेत? तांबट लेन, सराफ बाजार, पंचवटी, दर पावसाळ्याच्या आधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि द्यायलाच पाहिजेत, माणसाच्या जिवापेक्षा वाडा मोठा नाही. पण पाडायच्या आधी निदान कुणीतरी तिथे एक गोष्ट शूट करून ठेवावी असं मला फार वाटतं.

नाशिकने तर हे करायलाच पाहिजे. दादासाहेब फाळके इथले, त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' झाला त्यात तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं होतं, कारण काम करायला बाई मिळेना. मग फाळके नाशिकला आले आणि इथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघींनी काम केलं. म्हणजे आपल्या सिनेमात बाईचं काम बाईने केलं ते पहिल्यांदा आपल्या गावात. हे मी कुणालाही सांगितलं की लोक म्हणतात, हो का? पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारक आहे, तिथे आपण मुलांना फिरायला नेतो, पण त्याच गावात एक साधा मराठी सिनेमा संध्याकाळी बघायची सोय नाही.

२०१५ ला सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं होतं, तेव्हा त्यावर केवढी चर्चा झाली, आणि मग ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी मोठी करून टाकली. आमच्या वाट्याला आला तो शो तर त्याच्याही बाहेरचा, पावणेदहाचा. पावणेदहाला कोण येणार? नोकरीवाले नाही, कॉलेजची मुलं नाही, घरात स्वयंपाक करणाऱ्या बायका तर अजिबात नाही. मग प्रेक्षकच नाहीत म्हणायचं आणि पुढच्या शुक्रवारी काढून टाकायचं. अशा सिनेमाला तोंडातोंडी पसरायला दोन आठवडे लागतात हो, त्याच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात.

तुमच्या पेपरमधून थिएटरवाल्यांना माझी विनंती पोचवा. रोज नको, शनिवार किंवा रविवार, संध्याकाळी सहाचा एक शो, छोट्यातला छोटा स्क्रीन चालेल, आणि निदान दोन आठवडे ठेवा. आमचा जुन्या ऑपरेटर मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथे मी विचारलं तर दोन दिवसांत सतरा जणींनी हो म्हणून कळवलंय, त्यातल्या तिघी नाशिकरोडहून येणार आहेत. भाची तिच्या मैत्रिणींना घेऊन येते म्हणाली. शो लावा, तिकिटं आम्ही आधी काढतो.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
नाशिक